काळूची शिकवणी

‘बस!’ असे मी म्हणालो, की आमचा काळू उठून दिवाणाखाली पळत असे.

शिकवणी सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. शिकवणारा मी, म्हणजे वीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा प्राध्यापक. शिकणारा काळू, म्हणजे पावसाळ्यात आमच्या पायरीखाली आसऱ्याला आलेले आणि पुढे घरचेच झालेले एक गावठी पिल्लू. माझी पद्धत सोपी होती. ‘बस’ म्हणायचे, त्याची कंबर खाली दाबायची आणि तो उठला की दरडावायचे. पंधरा दिवसांत ‘बस’ या शब्दाचा अर्थ काळूला पक्का कळला. मात्र मला अभिप्रेत असलेला तो अर्थ नव्हता. काळूच्या लेखी ‘बस’ म्हणजे ‘आता हे रागावणार’!

चूक काळूची नव्हती. त्याने निसर्गाच्या नियमाप्रमाणे अगदी बिनचूक धडा घेतला होता. हा नियम कोणता, तो कोणी शोधला आणि त्याचा उपयोग करून कुत्र्याला मजेदार खेळ कसे शिकवता येतात, ते या लेखात पाहू. शेवटी एक कठीण प्रश्नही येईल. कुत्रा शिकला असे आपण म्हणतो, तेव्हा तो नेमके काय शिकला हे कसे ओळखायचे? या प्रश्नाने माझी चांगलीच फजिती केली. तीही सांगणार आहे.

लाळ आणि लयमापक

इव्हान पावलोव्ह हे रशियन शास्त्रज्ञ सेंट पीटर्सबर्ग येथे कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करीत. या कामाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न तोंडात पडले की लाळ सुटते, ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती कोणी शिकवावी लागत नाही. परंतु पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांना अन्न देणाऱ्या माणसाची चाहूल लागली, तरी लाळ सुटू लागे. अन्न अजून तोंडात पडलेलेच नाही, मग लाळ कशाची?

पावलोव्ह यांनी हा प्रश्न सोडला नाही. संगीत शिकणारे ठेका सांभाळण्यासाठी लयमापक नावाचे टकटक वाजणारे यंत्र वापरतात. असा काही आवाज करायचा आणि लगेच अन्न द्यायचे, असे त्यांनी अनेकदा केले. काही दिवसांनी नुसता आवाज ऐकूनच कुत्र्याला लाळ सुटू लागली. ज्या आवाजाचा अन्नाशी काहीही संबंध नव्हता, त्याला आता अर्थ आला होता. या प्रकारच्या शिकण्याला मानसशास्त्रात अभिसंधान म्हणतात.

तुमच्या घरी कुत्रा असेल, तर हा प्रयोग रोज होतच असतो. भाकरीच्या डब्याचे झाकण वाजले की तो गल्लीच्या टोकावरून धावत येतो. साखळी खुंटीवरून काढली की शेपूट हलू लागते. आमच्याकडे ‘बस’ या शब्दानंतर नियमाने दरडावणी येत होती. म्हणून ‘बस’ ऐकताच काळू दिवाण गाठत होता. पावलोव्ह यांचा नियम मी माझ्याच विरुद्ध वापरला होता.

मांजरीची पेटी

आता दुसरा नियम पाहू. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक या तरुण संशोधकाने १८९८ साली आपला प्रबंध सादर केला. त्याने फळ्यांच्या पेट्या तयार केल्या. पेटीत भुकेले मांजर ठेवायचे आणि बाहेर अन्न ठेवायचे. आतील दोरीचा फास ओढला किंवा खटका दाबला, की दार उघडे.

मांजर प्रथम ओरबाडे, चावे, फटींतून पंजे घाली. या धडपडीत कधीतरी योगायोगाने फास ओढला जाई आणि दार उघडे. पुन्हा आत ठेवले, की पुन्हा तीच धडपड चाले, पण ती थोडी कमी वेळ. थॉर्नडाइक दर वेळी लागणारा वेळ मोजी आणि त्याचा आलेख काढी. वेळ चढउतार होत हळूहळू कमी होत गेला. ‘अरे, असे आहे होय!’ असे एकाएकी उमगले असते, तर आलेख एका ठिकाणी कड्यासारखा तुटला असता. तसा तो तुटला नाही.

यावरून त्याने परिणामाचा नियम मांडला. ज्या कृतीनंतर सुखद परिणाम होतो, ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते. सुखद परिणामाने कृती बळकट होण्याच्या या घटनेला पुढे प्रबलन असे नाव मिळाले.

या नियमाचा एक भाग नीट लक्षात घ्या. सुखद परिणाम ज्या कृतीच्या लगेच पाठोपाठ येतो, तीच कृती बळकट होते. आपल्या मनात कोणती कृती होती, याला महत्त्व नाही.

आठ सेकंदांची चूक

दरडावणे सोडून मी बक्षीस देऊ लागलो. काळू बसला की मी स्वयंपाकघरात जाई, भाकरीचा तुकडा आणी आणि त्याला देई. आठवडाभरात काळू एक नवीन गोष्ट शिकला. मी स्वयंपाकघराकडे वळलो, की तो माझ्या मांडीवर उड्या मारू लागे.

मी घड्याळ लावून पाहिले. तुकडा आणायला मला आठ सेकंद लागत होते. तेवढ्या वेळात काळू उठे, माझ्या मागे येई आणि उडी मारी. बक्षीस पोहोचत होते ते उडीच्या क्षणी. मी बसण्याचा मोबदला देत आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी उडीचा पगार देत होतो.

तुकडे खिशात ठेवले तर? तरीही खिशात हात घालून तुकडा काढण्यात व तो तोंडाशी नेण्यात दोन सेकंद जातात. कुत्रा तीन मीटर दूर असला, तर आणखी वेळ. अन्न कितीही त्वरेने दिले, तरी ते उशिराच पोहोचते. मग त्वरेने पोहोचणारे काय आहे?

आवाज! हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. तीन मीटर अंतर कापायला त्याला एका सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. मग कुत्र्याला आधी एखाद्या आवाजाचा अर्थ ‘आता खाऊ मिळणार’ असा शिकवून ठेवायचा. हे झाले पावलोव्ह यांचे काम. नंतर योग्य कृतीच्या नेमक्या क्षणी तो आवाज करायचा आणि खाऊ सावकाश द्यायचा. हे झाले थॉर्नडाइक यांचे काम. दोन नियमांची ही सांगड हा आधुनिक प्राणिशिक्षणाचा पाया आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात प्राण्यांना कसे शिकवावे यावर लेख लिहिला. त्यात त्यांनी बोटाने दाबताच ‘टिक्’ असा आवाज करणारे लहान मुलांचे पत्र्याचे खेळणे या कामासाठी सुचवले होते. त्यांचे विद्यार्थी केलर व मेरियन ब्रेलंड या दांपत्याने अशा पद्धतींनी अनेक जातींच्या प्राण्यांना शिकवले. डॉल्फिनना शिट्टीच्या आधारे शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांच्या १९८४ सालच्या पुस्तकामुळे ही रीत घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोहोचली. आपल्याला खेळणेही नको. बटणाचे साधे बॉलपेन पुरते.

आधी शिक्षकाची परीक्षा

कुत्र्याला हाक मारण्यापूर्वी स्वतःची तयारी करा. मित्राला सव्वा मीटर उंचीवरून चेंडू सोडायला सांगा. तो जमिनीला टेकण्याच्या क्षणी पेनाचे बटण दाबा. चेंडूला खाली यायला सुमारे अर्धा सेकंद लागतो (सूत्र वापरून पडताळून पाहा). पाहिल्यावर बोट हलण्यास साधारण एक पंचमांश सेकंद जातो. म्हणून चेंडू टेकलेला पाहून दाबाल, तर उशीर होईल. तो टेकणार हे आधीच ओळखून दाबावे लागते. कुत्र्याच्या बाबतीतही असेच आहे. त्याचे अंग पाहून ‘आता हा बसणार’ हे ओळखता आले पाहिजे. चांगल्या शिक्षकाचे निम्मे काम पाहण्याचे असते.

पहिला खेळ : दाराचे घुंगरू

आता प्रत्यक्ष शिकवू. बाहेर जायचे असेल तेव्हा कुत्र्याने दाराला बांधलेले घुंगरू नाकाने वाजवायचे, असा हा खेळ आहे. तो दिसायला गमतीचा आहे आणि घरच्यांच्याही सोयीचा आहे.

१. टिक् आणि तुकडा : पेन ‘टिक्’ वाजवा आणि लगेच वाटाण्याएवढा तुकडा द्या. कुत्र्याने काहीच करायचे नाही. असे पंधरा-वीस वेळा करा. ‘टिक्’ ऐकताच तो तुकड्यासाठी तुमच्याकडे पाहू लागला, की ही पायरी झाली. आवाजाने तो दचकत असेल, तर पेन खिशात धरून वाजवा.

२. नाक हाताला : रिकामा तळहात त्याच्या नाकापासून चार बोटांवर धरा. कुतूहलाने तो हुंगायला येईल. नाक टेकताच ‘टिक्’ वाजवा, मग तुकडा द्या. तो येत नसेल, तर नुसते हाताकडे पाहिले तरी ‘टिक्’ वाजवा. नंतर मान वळवली तर, नंतर एक पाऊल टाकले तर, आणि शेवटी नाक टेकले तरच ‘टिक्’. अपेक्षा एका वेळी एकाच पायरीने वाढवायची.

३. हाताकडून घुंगराकडे : आता घुंगरू तळहातावर धरा. नाक घुंगराला लागले की ‘टिक्’. नंतर घुंगरू दोन बोटांत धरा आणि शेवटी दाराला, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर बांधा. पहिल्यांदा त्यामागे आपला हात धरा आणि मग तो काढून घ्या.

४. दार उघडणे हेच बक्षीस : घुंगरू वाजले की ‘टिक्’ करून दार उघडा व त्याला बाहेर न्या. थोड्याच दिवसांत तुकड्याची गरज उरत नाही. बाहेर जाणे हेच त्याला भाकरीहून गोड असते.

एका बैठकीला पाच मिनिटे पुरेत. दिवसातून दोन बैठका घ्या. त्याला जमलेल्या कृतीवर बैठक संपवा. तो अडखळला तर रागावू नका. एक पायरी खाली उतरा. पायरी फार उंच बांधली, हा दोष बांधणाऱ्याचा असतो.

‘बस’ही मी अशाच रीतीने पुन्हा शिकवले. तुकडा मुठीत धरून काळूच्या नाकावरून हळूच मागे नेला. नाक वर गेले, की कंबर आपोआप खाली येते. ती टेकताच ‘टिक्’. तीन दिवसांत काम झाले. एवढे मात्र खरे, की ‘बस’ हा शब्द मला टाकून द्यावा लागला. तो पुरता नासला होता. आता मी ‘खाली’ म्हणतो.

आलेख काढा

प्रयोगाला वही हवीच. दर बैठकीत दहा संधी द्या आणि किती वेळा कृती जमली ते लिहा. हात काढून घेतल्यानंतर काळूने घुंगरू किती वेळा वाजवले, ते पाहा :

दिवस १ – दहापैकी २
दिवस २ – दहापैकी ५
दिवस ३ – दहापैकी ४
दिवस ४ – दहापैकी ७
दिवस ५ – दहापैकी ९
दिवस ६ – दहापैकी ९

तिसऱ्या दिवशी यश घटलेले दिसते. त्या दिवशी घरात पाहुणे होते. एका दिवसाच्या आकड्यावरून ‘हा मठ्ठ आहे’ असे ठरवले असते, तर ते चुकले असते. थॉर्नडाइकच्या मांजरीच्या आलेखातही असे चढउतार होते.

कृती पक्की झाली, की प्रत्येक वेळी खाऊ देऊ नका. कधी दुसऱ्या वेळी, कधी पाचव्या वेळी द्या. फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा अनियमित बक्षिसांचा सविस्तर अभ्यास आहे. बक्षीस केव्हा येईल याचा नेम नसला, की सवय अधिक चिवट होते. हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. जेवताना काळू ताटाशी येऊन बसतो, म्हणून आम्ही सर्वांनी त्याला काही न देण्याचे ठरवले. परंतु आमची आई आठवड्यातून एखाद्या दिवशी, कोणी पाहत नाही असे बघून, पोळीचा तुकडा सरकवते. परिणामी काळू एकही जेवण चुकवत नाही. आईने रोज दिले असते आणि मग एकदम थांबवले असते, तर ही सवय लवकर सुटली असती!

बर्लिनचा हुशार घोडा

आता फजितीकडे वळू. पण आधी एका घोड्याची हकीकत ऐका.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टन हे निवृत्त शिक्षक राहत. त्यांचा हान्स नावाचा घोडा गणिते सोडवी. बेरीज विचारली, की योग्य तितक्या वेळा खूर आपटे आणि थांबे. १९०४ साली जाणकारांच्या एका मंडळाने तपासणी केली. त्यांना लबाडी आढळली नाही. फॉन ऑस्टन खरोखरच प्रामाणिक होते.

ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग पुढे नेला. त्याने एक साधी युक्ती केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, अशी व्यवस्था केली. लगेच हान्सची उत्तरे चुकू लागली! घोड्याला विचारणारा दिसणार नाही असे केले, तरीही तेच. मग उलगडा झाला. प्रश्न विचारल्यावर माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित पुढे झुकतो. खुराचे ठोके योग्य आकड्याला पोहोचले, की त्याचे डोके नकळत किंचित वर होते. हान्स आकडे मोजत नव्हता. तो माणसाचे डोके वाचत होता. फुंग्स्टचे निष्कर्ष १९०७ साली प्रसिद्ध झाले.

ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगतो. आणि तरीही मी फसलो.

चेंडू, दोरी, डबी

काळूला वस्तूंची नावे शिकवायचे मी ठरवले. चेंडू, दोरी आणि डबी अशा तीन वस्तू. त्या समोर ओळीने मांडायच्या, एकीचे नाव घ्यायचे आणि ती आणली की ‘टिक्’. दोन महिन्यांनी काळू तीसपैकी सत्तावीस वेळा बरोबर वस्तू आणू लागला. ही बातमी मी वर्गात सांगितली, प्राध्यापकांच्या खोलीत सांगितली, आणि दिवाळीत घरी आलेल्या सर्व नातेवाइकांपुढे काळूची करामत करून दाखवली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

माझी आठवीतली पुतणी मात्र काळूकडे न पाहता माझ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, “काका, तुम्ही ‘दोरी’ म्हणता तेव्हा तुम्ही दोरीकडेच बघता.”

“छे, छे!” मी म्हणालो.

“मग वस्तू आतल्या खोलीत ठेवू या,” ती म्हणाली.

नाही म्हणायला मला कारण सापडले नाही. प्रयोगाची आखणी तिनेच केली. तीस चिठ्ठ्या, प्रत्येक वस्तूच्या नावाच्या दहा. दर वेळी तिने आतल्या खोलीत वस्तूंची जागा बदलायची आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात जायचे. मी ओटीवर बसून चिठ्ठी काढायची आणि त्यावरचे नाव उच्चारायचे. काळूने आत जाऊन वस्तू आणायची. आत कोणी नाही, मला काही दिसत नाही. काळू काहीही घेऊन आला, तरी शाबासकी सारखीच. दमू नये म्हणून हा प्रयोग तीन दिवसांत विभागला. निकाल असा :

‘चेंडू’ म्हटले, तेव्हा : चेंडू ७, दोरी २, डबी १
‘दोरी’ म्हटले, तेव्हा : चेंडू ६, दोरी ३, डबी १
‘डबी’ म्हटले, तेव्हा : चेंडू ७, दोरी २, डबी १

बरोबर उत्तरे ७ + ३ + १ म्हणजे ११. वस्तू तीन असल्याने नुसत्या अंदाजानेही तीसपैकी दहाच्या आसपास बरोबर यायला हव्यात. सत्तावीसवरून आम्ही अकरावर आलो होतो.

मी अजूनही हार मानायला तयार नव्हतो. “निदान चेंडू तरी त्याला कळतो. दहापैकी सात!” असे मी म्हणालो. पुतणीने खालच्या दोन ओळींवर बोट ठेवले. ‘दोरी’ म्हटले तरी सहा वेळा चेंडू आणि ‘डबी’ म्हटले तरी सात वेळा चेंडूच. काळूला ‘चेंडू’ हा शब्द कळत नव्हता. काळूला चेंडू आवडत होता.

या कोष्टकातील दोन धडे विद्यार्थ्यांनी मनात ठेवावेत. पहिला, उत्तर ठाऊक असलेल्या परीक्षकाला आपली नजर लपवता येत नाही. म्हणूनच नव्या औषधाच्या चाचणीत खरे औषध कोणाला व नुसती साखरेची गोळी कोणाला, हे रुग्णालाही माहीत नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. दुसरा, नुसती बरोबर उत्तरे मोजून भागत नाही. शब्द बदलल्यावर कृती बदलते का, हे पाहावे लागते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे कोष्टक फळ्यावर लिहिले आणि आधी सांगितलेली बातमी मागे घेतली. थोडे जड गेले. परंतु हान्सची गोष्ट इतकी वर्षे सांगूनही जे साधले नव्हते, ते त्या दिवशी साधले. तास संपल्यावर चार विद्यार्थी थांबले आणि आमच्या प्रयोगशाळेतील एका जुन्या प्रयोगाबद्दल त्यांनी विचारले, “सर, यात उत्तर किती यायला हवे हे आम्हांला आधीच ठाऊक असते. मग आमचेही काळूसारखेच होत नसेल कशावरून?”

मग कुत्र्याला शब्द कळतच नाहीत?

तसे नाही. जर्मनीत रिको नावाच्या बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्याची परीक्षा झाली व ती २००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे येत होती. परीक्षा घेताना वस्तू दुसऱ्या खोलीत ठेवल्या होत्या, माझ्या पुतणीने ठेवल्या तशाच! २०११ साली अमेरिकेतील पिली व रीड यांनी चेसर या कुत्रीबद्दल लिहिले. तिला एक हजार बावीस वस्तूंची नावे शिकवली होती. मात्र असे कुत्रे विरळा. बहुतेक कुत्र्यांना वस्तूंची नावे शिकणे सोपे जात नाही.

माणसाचे हातवारे आणि नजर वाचण्यात मात्र कुत्रा फार तरबेज आहे. कोलकात्याजवळील ‘आयसर’ या संस्थेत अनिंदिता भद्रा व त्यांचे सहकारी भारतातील रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. कोणी न शिकवलेले हे कुत्रेही अनोळखी माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडे जाऊ शकतात, असे त्यांना आढळले. काळूने सत्तावीस गुण मिळवले ते याच विद्येच्या जोरावर. तो माझी परीक्षा नापास झाला खरा. पण माझ्या चेहऱ्याच्या परीक्षेत तो पहिला आला होता. आता मी त्याला खेळ शिकवतो ते हाताच्या खुणांनी. तळहात खाली नेला की बसतो, बोट फिरवले की गिरकी घेतो.

प्रत्येक प्राण्याची स्वतःची ओढही असते. ब्रेलंड दांपत्याने १९६१ साली लिहिले आहे, की नाणे उचलून पेटीत टाकायला शिकवलेली डुकरे पुढेपुढे ते नाणे मातीत टाकून नाकाने उकरीत बसत. बक्षीस लांबले, तरी हे चालूच. म्हणून ज्याला हुंगायला आवडते त्याला लपवलेली वस्तू शोधायला शिकवा. ज्याला धावायला आवडते त्याला चेंडू आणायला शिकवा. आणि चेंडू घेताना निळा घ्या. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. त्याला निळा व पिवळा यांतील फरक चांगला कळतो. हिरव्या गवतावरचा लाल चेंडू त्याला सहज उठून दिसत नाही.

काळजी

शिकवणीसाठी आपला किंवा ओळखीच्या घरचा, रेबीजची लस दिलेला कुत्राच निवडा. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यावर प्रयोग करू नका. खाताना, झोपेत किंवा पिल्ले जवळ असताना कोणत्याही कुत्र्याला छेडू नका. तो चावला किंवा त्याचा दात नुसता लागला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, घरी सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. खाऊ म्हणून भाकरी, उकडलेले अंडे किंवा उकडलेले चिकन चालेल. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे आणि कांदा-लसूण घातलेले पदार्थ कुत्र्याला अपायकारक असतात. शिकवणीतील तुकडे त्याच्या रोजच्या जेवणातून वजा करा.

करून पाहा

१. तुमचा कुत्रा ‘बस’ या शब्दाने बसतो, की हाताच्या खुणेने? हात पाठीमागे बांधून दहा वेळा नुसता शब्द उच्चारा; मग न बोलता दहा वेळा नुसती खूण करा. दोन्हींची क्रमवारी चिठ्ठ्या टाकून ठरवा.

२. आता खूण एक आणि शब्द दुसराच असे करून पाहा. तो कोणाचे ऐकतो?

३. आमच्या प्रयोगात काळू चेंडू ओळखतो की त्याला चेंडू आवडतो, हे वेगळे करण्यासाठी तुम्ही आणखी कोणता प्रयोग आखाल?

४. आमच्या कोष्टकात काळूने वासावरून वस्तू निवडली असण्याची शक्यता आहे का? असल्यास तिचा निकालावर काय परिणाम होईल?

दारावरचे घुंगरू आता वाजते आहे. वाजवणाऱ्याला नक्की काय म्हणायचे आहे, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण दार उघडले की तो बाहेर धावतो, आणि बारापैकी बारा वेळा धावला आहे, एवढे वहीत लिहिलेले आहे.